एका वेळी वीस-पंचवीस विंडो उघड्या असतात आणि हवी ती सापडत नाही. व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरू की दुसरा मॉनिटर घेऊ?

व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरा, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून-पालटून आणता येणारी वेगवेगळी टेबलं, प्रत्येकावर आपापल्या विंडो. मॉनिटरचं नंतर बघू. याच मुद्द्यावरून माझं एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी तीन वर्षं वाजतंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मी पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितं तपासायचं काम करतो. डेस्कटॉपचा नाद लागला तेव्हा मी हौसेने प्रोग्रामवार वाटणी केली. पहिल्यावर ब्राउझर, दुसऱ्यावर वर्डच्या सगळ्या फाइली, तिसऱ्यावर सगळ्या पीडीएफ. दिसायला अगदी कपाट लावल्यासारखं. पण पीडीएफमधली खूण बघून वर्डमध्ये दुरुस्ती करायची तर दर वेळी डेस्कटॉप बदलावा लागे. त्यावर मी आणखी एक शहाणपणा केला. ऑल्ट-टॅब, म्हणजे उघड्या विंडोंची चित्रं दाखवून त्यांत उडी मारू देणारी बटणं, मुळात चालू डेस्कटॉपवरच्याच विंडो दाखवतात. मी सेटिंगमध्ये जाऊन ते 'सगळ्या डेस्कटॉपवरच्या' असं केलं.

मग दुसऱ्या आवृत्तीचं एक काम आलं. जुन्या आवृत्तीची फाइल संदर्भाला उघडी, नवी कामाला उघडी. ऑल्ट-टॅबच्या चिमुकल्या चित्रांत दोन्ही सारख्याच, पांढऱ्यावर काळ्या मुंग्या. नावंही 'अंतिम' आणि 'अंतिम नवी', आणि त्या पट्टीत नावाचं शेपूट कापलेलं. मध्येच कधीतरी बोट चुकीच्या चित्रावर पडलं आणि पुढचे दोन तास मी जुन्या आवृत्तीत इमानेइतबारे दुरुस्त्या केल्या. प्रिंट हातात आली तेव्हा एका मथळ्यात 'पूर्वाध' छापलेलं. तो रफार मी स्वतः दिल्याचं मला लख्ख आठवत होतं! दिला होता, दुसऱ्या फाइलीत. मग रात्री बसून दोन्ही फाइली ओळीला ओळ लावून ताडल्या.

सहकारी म्हणाले, "तुझी ती अदृश्य टेबलं! त्यापेक्षा एक मॉनिटर घेतला असतास." तेव्हापासून कोणाचीही फाइल हरवली की माझ्या टेबलांचा उद्धार होतो.

त्यांना तेव्हा सुचलं नाही ते इथे सांगतो. चूक डेस्कटॉपची नव्हती, वाटणीची होती. वाटणी कामवार करायची, प्रोग्रामवार नाही. हे काही माझं डोकं नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात हेंडरसन आणि कार्ड या दोघांनी १९८६ साली 'रूम्स' नावाची रचना मांडली, तिचं मर्मच हे: प्रत्येक कामाला आपली खोली, आणि एखादी विंडो दोन कामांना लागत असेल तर ती दोन्ही खोल्यांत दिसावी. मॅकवर ही सोय २००७ मध्ये आली, विंडोजने २०१५ पर्यंत, म्हणजे विंडोज १० पर्यंत वाट बघायला लावली. त्यामुळे हे 'नवं फॅड' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता माझ्याकडे तीनच डेस्कटॉप असतात. मेल आणि चॅट एकावर, हातातलं काम दुसऱ्यावर (त्याची वर्ड, पीडीएफ, शब्दकोश, सगळं तिथेच), अडून राहिलेलं काम तिसऱ्यावर. डेस्कटॉपना नावं द्या. ऑल्ट-टॅब चालू डेस्कटॉपपुरतंच ठेवा, त्या सेटिंगला हात लावू नका. चौथा डेस्कटॉप उघडावासा वाटला तर आधी काहीतरी बंद करा. विंडोज, कंट्रोल आणि बाण ही बटणं आठवडाभरात बोटांत बसतात. मॅकवर असाल तर वापरानुसार स्पेसेसचा (मॅकवर डेस्कटॉपना हेच नाव) क्रम आपोआप बदलायची सेटिंग आधी बंद करा, नाहीतर डावीकडचं काम उजवीकडे जाऊन बसतं.

आणि हो, विंडोजमध्ये डेस्कटॉप बंद केला म्हणून त्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर येऊन पडतात. स्क्रीन शेअर करताना हे लक्षात असू द्या. रीस्टार्टनंतर डेस्कटॉप आणि नावं राहतात, पण विंडो आपापल्या जागी परत येतील या भरवशावर राहू नका. मेमरीचं ओझंही यानं हलकं होत नाही. पंचवीस विंडो कुठेही ठेवल्या तरी पंचवीसच.

दोन कागद एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून ताडायचं काम रोजचं असेल, तर मात्र दुसरा मॉनिटर घ्या. त्या रात्री असता तर मलाही उपयोगी पडला असता, हे मी सहकाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या दुसऱ्या मॉनिटरवर दिवसभर फक्त इनबॉक्स उघडा असतो.