सगळे वेस्टर्न सारखेच?

प्रश्न : मी 'शोले' पाहत वाढलो. त्याच ओढीनं इंग्रजी वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या घोडेस्वार-बंदूकधाऱ्यांचे चित्रपट, पाहायला घेतले. दोन-तीन पाहून कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, "बाबा, तेच घोडे, तीच धूळ, तोच गोळीबार." तिचं खरं आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, सामान तेच असतं, एवढं लेकीचं मान्य. पण त्याच सामानातून दर दहा-पंधरा वर्षांनी वेगळंच जग उभं राहिलं. नागपूरच्या सदर भागातल्या टॉकीजमध्ये सकाळचे इंग्रजी खेळ पाहत माझं तरुणपण गेलं, म्हणून हे पोटतिडकीनं सांगतो.

दोन चित्रपट लागोपाठच्या दिवशी पाहा : 'हाय नून' (1952) आणि 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968). दोन्हींत तीन बंदूकधारी स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेत. 'हाय नून'मध्ये त्यांचा म्होरक्या बाराच्या गाडीनं येणार आहे, आणि तोवर गॅरी कूपरचा मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, दारोदार मदत मागत फिरतो. चर्चमध्ये गावकरी त्याचे गुण गातात, वाद घालतात, आणि शेवटी त्याचा मित्रच सांगतो, तू गाव सोडून जा. भिंतीवरचं घड्याळ जवळजवळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. लेखक कार्ल फोरमन यांना त्याच काळात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जावं लागलं होतं. ओळखीची माणसं कशी तोंड फिरवतात, हे ते स्वतः पाहत होते. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सना मात्र असा मदत मागत फिरणारा मार्शल मुळीच पटला नाही, आणि त्यांनी उत्तरादाखल 'रिओ ब्राव्हो' (1959) काढला.

आता 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधलं, इटलीच्या सर्जिओ लिओनेचं स्टेशन बघा. एकाच्या तोंडावर माशी घोंघावते, दुसऱ्याच्या टोपीवर थेंब थेंब पाणी पडतं, पवनचक्की करकरते. बराच वेळ कुणी बोलतच नाही. गाडी येते, आणि क्षणार्धात तिघंही आडवे! इथं मदत मागायला गावच नाही. वाट पाहणं तेच, पण त्यातला माणसावरचा भरवसा पार आटलाय. याच चित्रपटात एका कुटुंबाची कत्तल होते. ती पाहताना ठाकूरचं अंगण तुम्हाला आठवल्याशिवाय राहणार नाही.

रेल्वे तर या चित्रपटांत पहिल्यापासून आहे. 1903 चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' जेमतेम बारा मिनिटांचा.

जॉन फोर्डचे दोन चित्रपटही असेच जोडीनं पाहा. दोन्हींत जॉन वेन आहे, मॉन्युमेंट व्हॅलीचे तेच लाल कडे आहेत. 'स्टेजकोच'मध्ये (1939) अपाचे ही तिथली आदिवासी जमात म्हणजे नुसतं टोळधाडीसारखं संकट, त्यांची बाजू कुठं दिसतच नाही, आणि हे मला आजही खटकतं. 'द सर्चर्स'मध्ये (1956) मात्र नायकाचा कोमांचे या दुसऱ्या आदिवासी जमातीविषयीचा द्वेषच कथेच्या मध्यभागी येतो, आणि त्याच्याकडे बघून आपण दचकतो.

नंतर ईस्टवूडचा 'अनफरगिव्हन' (1992) घ्या. म्हातारा मारेकरी धड घोड्यावरही चढू शकत नाही, आणि माणूस मारणं किती जड असतं ते तिथं कळतं. पेकिनपाचा 'द वाइल्ड बंच' (1969) सगळ्यांत शेवटी ठेवा. तो रक्तपात आधीच पाहिला, तर लेक बाकीचे बघायला बसायची नाही.