घरून काम मागताना

प्रिय मित्रा,

हिंजवडीचा ट्रॅफिक रोज दोन-अडीच तास खातो, तेव्हा पाचही दिवस घरून काम मागू का, असं तू विचारलंस. पहिल्या वर्षी तरी मागू नकोस.

घरून काम जास्त होतं म्हणणारे शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास-बुकिंग कंपनीच्या २०१०-११च्या प्रयोगाचा दाखला देतात. तिथल्या कॉल सेंटरमध्ये घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, हे खरं. पण त्या १३ पैकी ९ टक्के केवळ पाळीत जास्त मिनिटं काम झाल्यामुळे होते. आणि त्यात घेतलेल्या प्रत्येकाला किमान सहा महिन्यांचा अनुभव होता, घरी वेगळी खोली आणि ब्रॉडबँड होतं. आठवड्यातला एक दिवस तेही ऑफिसात बसत. तू आज त्या यादीत बसलाच नसतास.

तुझ्या जवळचा प्रयोग चेन्नईचा आहे. तिथे डेटा एंट्रीच्या नव्या भरतीतून कोणी घरी बसायचं आणि कोणी ऑफिसात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. घरी बसलेल्यांचं काम १८ टक्के कमी भरलं. बरीचशी तफावत पहिल्याच दिवशी दिसली. उरलेली पडली, कारण ऑफिसातले लवकर शिकले. ज्यांना घरूनच काम हवं होतं त्यांची घसरण तर जास्तच होती. म्हणून आपल्या आवडीवरून अंदाज बांधू नकोस.

दोन दिवस माग. तुझा कोड तपासणारे सीनियर ज्या दिवशी ऑफिसात असतात, ते दिवस सोडून. घरच्या दिवसासाठी एकट्याने पुरं होणारं काम राख: टेस्ट लिहिणं, डॉक्युमेंटेशन, आधीच समजलेला बग. नवं मॉड्यूल घरी उघडू नकोस. ऑफिसात खुर्ची वळवून विचारता येतं. घरी ‘कशाला त्रास द्या’ म्हणत अख्खी दुपार जाते. वीस मिनिटं अडलास की मेसेज कर. त्यात चार गोष्टी हव्यात: काय चालवलं, काय अपेक्षित होतं, नेमका एरर, काय करून पाहिलं. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलंस तर उत्तराआधी तीन उलटे प्रश्न येतील.

आणि लाइट गेली की लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस घे. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घे; व्होल्ट चुकले तर राउटर जळू शकतो.

तुझा,
एक सीनियर