बैठकीत सर्वांदेखत आवाज चढवणाऱ्या सहकाऱ्याशी कसे वागावे?

आपला प्रश्न असा आहे की, आपण गुणवत्ता विभागात आहात, उत्पादन विभागातील एक सहकारी सकाळच्या बैठकीत सर्वांदेखत आपल्यावर आवाज चढवतो, आणि रोज त्याच्याशीच काम असल्याने संबंध न तोडता हे कसे थांबवावे. भोसरी एमआयडीसीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मीही गुणवत्ता विभागातच बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून त्या अनुभवावरून लिहितो.

या दोन विभागांतील ताण पुष्कळसा कामाच्या रचनेतूनच येतो. उत्पादनवाल्यांना पाळी संपताना नगसंख्या दाखवायची असते, आपल्याला सदोष नग बाहेर जाऊ द्यायचा नसतो, आणि गाडी दारात उभी असताना आपण लॉट, म्हणजे मालाची ती खेप, होल्डवर टाकला की समोरच्याचा पारा चढणारच. तरीही आमच्याकडची सर्वांत मोठी भांडणे मापांवरून झाली नाहीत, ती वाक्यांवरून झाली.

एकदा दुसऱ्या पाळीच्या अखेरीस काही नगांच्या भोकात गेजची (माप तपासण्याच्या साधनाची) 'नो-गो' बाजूही आत शिरत असल्याचे, म्हणजे भोक मापापेक्षा मोठे झाल्याचे, मला दिसले. मी माल अडवणारा लाल टॅग लावायला हवा होता. त्याऐवजी रजिस्टरमध्ये 'माल तपासून घ्यावा' एवढे लिहून घरी गेलो. कोणी तपासून घ्यावा, हे त्या वाक्यात नव्हते. तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरांनी तो शेरा आमच्याच विभागासाठी आहे असे समजून वाट पाहिली आणि कोणी आले नाही म्हणून माल पाठवला. ग्राहकाकडून नग परत आल्यावर बैठकीत आम्ही दोघे तावातावाने भांडलो. आपली मराठी याबाबत फार सोयीची आहे. 'कळवण्यात येईल' म्हणताना कर्ता गायब होतो, आणि 'बघतो' याचा अर्थ होकार, नकार की नंतर, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते.

हा दोष केवळ मराठीचा नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमाने धडकून ५८३ माणसे गेली, त्यामागे दाट धुक्यासह इतरही कारणे होती. पण सहवैमानिकाचे संदिग्ध वाक्य आणि त्यावर नियंत्रकाने दिलेले 'ओके' हे त्यांतले एक होते. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरण्याची शिस्त आली.

आपण त्या सहकाऱ्याला बैठकीत उत्तर देऊ नये, आणि बैठक संपताच गाठूही नये. दुपारी, शक्यतो मशीनपाशी, नग हातात घेऊन एकट्याशी बोलावे: "काल लॉट थांबवल्यामुळे तुमची गाडी उशिरा गेली, हे मला मान्य आहे. पण सर्वांसमोर तुम्ही एकेरीवर आलात, ते मला लागले. पुढच्या वेळी लॉट थांबवण्यापूर्वी मी तुम्हाला फोन करीन. तुम्हीही हरकत असेल तर आधी माझ्याशी बोला." तो चिडला तरी आपण अहो-जाहो सोडू नये. साहेबांना सीसीत ठेवून पहिलाच मेल पाठवणे म्हणजे युद्ध पुकारणे, असे मला वाटते. मात्र बोलणे झाल्यावर काय ठरले ते दोन ओळींत त्यालाच लिहून पाठवावे आणि त्याचे उत्तर मागावे. हे दोनतीनदा करूनही फरक पडला नाही, तर त्या नोंदींसह वरिष्ठांकडे जाणे रास्तच आहे.

बोलण्यात लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी असेल आणि आपण महिला असाल, तर मात्र समजुतीच्या भानगडीत पडू नये. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तिच्याकडे सर्वसाधारणपणे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते.

आमच्या त्या प्रकरणानंतर रजिस्टरमध्ये 'कोणी' आणि 'किती वाजेपर्यंत' असे दोन रकाने आखले गेले. ही सूचना त्याच सुपरवायझरांची होती. रिजेक्शनवरून आमचे पुढेही वाजायचे, पण ते माझ्या टेबलापाशी, दोघांतच.