डार्टमूरला पाहण्यासारखं काय आहे? तो भाग इतका उजाड का?

तुम्ही विचारलंय की मुलगा एक्सेटरला शिकतो, जूनमध्ये तुम्ही दोघं त्याच्याकडे येताय आणि तो तुम्हाला डार्टमूरला नेणार म्हणतोय. पण फोटोत नुसता ओसाड माळ दिसतो, मग एवढं लांब येऊन तिथं एक दिवस का घालवायचा?

मी चौदा वर्षं इंग्लंडच्या नैऋत्येला, डार्टमूर ज्यात आहे त्या डेव्हनमध्ये राहतेय आणि माझं माहेर राजापूरजवळ, अगदी सड्याला लागून. आमच्या सातबाऱ्यावर सड्याच्या जमिनीपुढे 'पोटखराब', म्हणजे पिकाला निरुपयोगी, असं लिहिलेलं असे. त्याच सड्यावर पावसाळ्यात पाय ठेवायला जागा राहणार नाही इतकी फुलं यायची. त्यामुळे 'ओसाड' हा शब्द कुणी कुठल्याही माळाला लावला की मला तो लागतो. डार्टमूरच्या बाबतीत तर तो चुकीचाच आहे. हा माळ मुळातून मोकळा नव्हता. माणसांनी तो हजारो वर्षांत मोकळा केला, आणि कुणी काय केलं ते तिथल्या दगडांत अजून दिसतं. पाहायचं असेल तर ते पाहा.

आधी जमीन. डार्टमूर नॅशनल पार्क ९५४ चौरस किलोमीटरचं आहे, १९५१ मध्ये जाहीर झालेलं. सगळ्यात उंच जागा हाय विलहेज, ६२१ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे उंची म्हणून सांगण्यासारखं इथं काही नाही. दगड मात्र आपल्याहून फार जुना. सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बनून बाहेर वाहिला आणि उघड्यावर थिजला. इथला ग्रॅनाइट साधारण २८ कोटी वर्षांचा, तो जमिनीच्या पोटातच हळूहळू निवला आणि वरचं सगळं झिजून गेल्यावर उघडा पडला. टेकड्यांच्या माथ्यावर भाकऱ्यांची चळत रचून ठेवावी तसे जे खडक दिसतील त्यांना 'टॉर' म्हणतात.

आता झाडांचं. इथं पूर्वी रान होतं. ओक होते, हेझल होते. त्यांचे परागकण जमिनीखालच्या काळ्या थरांत सापडतात, आणि त्यांच्यासोबत कोळशाचे कणही. शिकारी टोळ्यांनी साधारण आठ हजार वर्षांपूर्वीपासून रानाच्या कडा जाळायला सुरुवात केली. जळल्या जागी कोवळं गवत फुटतं, त्यावर हरणं येतात. पुढे गुरं राखणारे आले, त्यांनी आणखी तोडलं. झाडं गेल्यावर जमिनीतलं पाणी शोषून घेणारं कुणी उरलं नाही, हवामानही गार आणि ओलं होत गेलं. पाणी मुरेना, मेलेलं गवत आणि शेवाळ पुरतं कुजेना. त्या अर्धवट कुजलेल्या काळ्या, ओल्या थराला इथं 'पीट' म्हणतात. उंच भागात तो काही ठिकाणी पुरुषभर खोल आहे. पाऊस पडला की तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, आणि डार्ट, टॉ, टीन, टॅव्ही अशा नद्या याच ओल्या माथ्यावरून निघतात. डार्टमूरमधला 'मूर' म्हणजे अशी झालेली मोकळी, ओली जमीन.

जुन्या रानाचा अंदाज यावा असा एक तुकडा उरलाय, विस्टमन्स वूड. वाऱ्याने खुरटलेले, शेवाळलेले ओक मोठमोठ्या धोंड्यांच्या फटींतून वर आलेत. गुरांचं तोंड तिथवर पोचलं नाही म्हणून ते वाचले. बाहेरूनच बघा, आत पाय ठेवू नका असं सांगितलं जातं, आणि ते पाळावं. शेवाळ एकदा तुडवलं गेलं की लवकर परत येत नाही.

मला सगळ्यात जास्त भिडतात ते इथले बांध. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. इथं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी दगडमातीचे बांध घातले, टेकडी-दरी न बघता सरळ रेषेत, एकमेकांना समांतर, कित्येक किलोमीटर. इथे त्यांना 'रीव्ह' म्हणतात. ते दिसत होते, पण कुणी कधी घातले ते नीट उलगडलं नव्हतं. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने ते कांस्ययुगातले आहेत हे दाखवलं. एवढं काम एका घराचं नव्हे. कुठल्या कुळाचं काय, गुरं कुठवर सोडायची, हे आधी बसून ठरवल्याशिवाय अशी आखणी होत नाही. दुपारी ते दिसत नाहीत, गवतात हरवतात. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की सावलीने अख्खी शेतं उमटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडी थांबवून नुसती उभी होते.

त्या लोकांपैकी एक व्यक्ती आपल्याला जवळजवळ भेटलीही आहे. व्हाइटहॉर्स हिल नावाच्या, माळावरच्या एका उंच आणि एकाकी जागी पीटमध्ये दडलेली दगडी पेटी २०११ मध्ये उघडली गेली. आत दहन केलेल्या माणसाच्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात ठेवलेल्या होत्या. सोबत विणलेली टोपली, दोनशेच्या वर मणी, त्यांत अंबराचेही, लाकडाची कर्णभूषणं, आणि कथलाचे बारीक खिळे बसवलेलं वेणीसारखं गुंफलेलं कंकण. पीटमध्ये हवा नसते म्हणून टोपलीसुद्धा टिकली. कुणीतरी आपल्या माणसाला सगळं जवळचं देऊन पाठवलं होतं.

ते कथील महत्त्वाचं. आपल्याकडे पितळी भांड्यांना ज्याची कल्हई करतात तेच. ओढ्यांच्या गाळात इथं कथलाची खनिजवाळू मिळायची, आणि मध्ययुगात त्यासाठी अख्ख्या दऱ्या उकरल्या गेल्या. ओढ्याकाठी जे गवताळ उंचवटे आणि खड्डे दिसतील ते निसर्गाचे नाहीत, ती उकरून टाकलेली माती आहे. पाणी लांबून वळवून आणायचे त्याला ते 'लीट' म्हणतात. आपण पाट म्हणू. १३०५ मध्ये राजा पहिल्या एडवर्डने कथील खणणाऱ्यांना सनद दिली. टॅव्हिस्टॉक, अॅशबर्टन आणि चॅगफर्ड या गावांत कथील तोलून त्यावर कर घेत. या लोकांचे कायदे वेगळे, न्यायालय वेगळं, तुरुंग वेगळा. त्यांची सभा क्रॉकर्न टॉर या उघड्या खडकावर भरायची, वारा-पावसात. त्यांचा लिडफर्डचा तुरुंग इतका बदनाम होता की सकाळी फाशी आणि दुपारी खटला अशी म्हणच पडली.

आणखी एक जागा, हाउंड टॉरच्या खालचं मोडलेलं खेडं. तेराव्या शतकातली घरं, आता कमरेइतक्या भिंती. एकाच छपराखाली वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गुरं. मधे पाणी वाहून जायला नाली. मी आमचं जुनं घर आणि त्याला चिकटलेला गोठा आठवत त्या उंबऱ्यावर बसले होते. काही खोल्यांत धान्य वाळवायच्या भट्ट्या आहेत. ओलं पीक शेकून वाळवावं लागत होतं, यातच तिथली शेती किती कठीण झाली होती ते कळतं. गाव पुढे उठलं.

प्रिन्सटाउनचा तुरुंग रस्त्यावरून दिसेल. नेपोलियनच्या युद्धातल्या फ्रेंच कैद्यांसाठी बांधलेला, १८०९ मध्ये सुरू झालेला. २०२४ मध्ये तो रिकामा करावा लागला, कारण ग्रॅनाइटमधून निघणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू आत साठत होता.

घोड्यांबद्दल एक गैरसमज. मोकळे फिरणारे पोनी रानटी नाहीत. प्रत्येकाला मालक आहे आणि शरद ऋतूत ते हाकून एकत्र आणतात. माळाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग 'कॉमन्स' आहे. गायरान म्हटलं तरी चालेल, फरक इतकाच की इथं जमिनीला मालक असतो, आणि चराईचा हक्क मात्र आसपासच्या शेतकऱ्यांचा. १९८५ च्या कायद्याने तिथं सगळ्यांना पायी आणि घोड्यावरून फिरायचा हक्क मिळाला. त्या हक्कात तंबू ठोकून रात्र काढणं येतं की नाही यावर खटला झाला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येतं असा निकाल दिला. त्या दिवशी आमच्याकडे खूप जणांना मनापासून आनंद झाला, मलाही. चराई किती असावी यावर मात्र वाद चालूच आहे. मला आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचं पटतं. तो म्हणतो की मेंढ्यांपेक्षा गुरं हवीत, कारण माळभर माजलेलं राठ गवत गुरंच खातात.

जूनमध्ये हेदर या माळावरच्या झुडपाचा जांभळा बहर मिळणार नाही, तो ऑगस्टचा. पण दलदलीवर कापूसगवताचे पांढरे गोंडे असतील, पोनींची शिंगरं असतील आणि डोक्यावर चंडोल गात असेल. दलदलीच्या चकचकीत हिरव्या पट्ट्यावर पाऊल टाकू नका. माझा पाय एकदा मांडीपर्यंत गेला होता आणि बूट आतच राहिला. उत्तर भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. लाल निशाण दिसलं तर पुढे जायचं नाही. धुकं दहा मिनिटांत उतरतं, तेव्हा नकाशा आणि होकायंत्र जवळ हवं. नेच्यातून चालून आलात तर रात्री पायांवर गोचीड बघा.

दिवस एकच असेल तर सकाळी हेटॉरला जा. तिथं गवतात दगडी रूळ दिसतील. १८२० मध्ये घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी ग्रॅनाइटचेच रूळ घातले होते, आणि त्यावरून गेलेला दगड १८३१ च्या लंडन ब्रिजला लागला. जेवण विडिकॉम्बला करा. दुपार उतरली की ग्रिम्सपाउंड. रस्त्यापासून दहा मिनिटांची चढण आहे. मोठं गोल दगडी कुंपण, आत २४ घरांची वर्तुळं. कुंपणाचं दार चढाच्या बाजूला आहे, फरसबंद आणि पायऱ्यांचं. त्या दारातून आत शिरा आणि ज्या घराला दाराशी वाऱ्याला आडोसा म्हणून वळवलेली भिंत आहे ते शोधा. आत उभं राहिलं की वारा खरंच लागत नाही.