मेळघाटातली जुनी रेल्वे म्हणजे शकुंतलाच का? धूळघाटचा गोल वळसा आता पाहता येतो का, आणि ब्रॉडगेज त्याच मार्गाने का नेली नाही?

नाही. शकुंतला वेगळी, आमची वेगळी. हे मी आजवर किमान पन्नास जणांना सांगितलं असेल, तुम्ही एक्कावन्नावे.

शकुंतला ही कापसाची गाडी. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, आणि तिकडे पुलगाव ते आर्वी ३५. अडीच फुटी नॅरोगेज. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीची, मँचेस्टरचं १९२१ चं इंजिन १९९४ पर्यंत ओढणारी. तिचं कौतुक मलाही आहे. पण ती सगळी सपाटीवरची. अचलपूरला डोंगर समोर दिसतो आणि गाडी तिथंच थांबायची. डोंगर चढली ती आमची. अकोला–खंडवा, मीटरगेज, एक मीटर रुंदीची. अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड, वान रोड, धूळघाट, डाबका, तुकईथड आणि पुढे खंडवा.

आणि ती इंग्रजांनी बांधली हे व्हॉट्सॲपवर फिरतं तेही चूक. पूर्णा–हिंगोली जुनी, १९१२ ची. पण हिंगोलीहून अकोल्यावरून खंडवा ही जोड स्वातंत्र्यानंतरची, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात हाती घेतलेली. राजस्थान-माळव्याकडची मीटरगेज एका बाजूला, हैदराबादकडची दुसऱ्या बाजूला, आणि मधे सातपुडा. तो तुटलेला दुवा सांधायला ही लाइन. म्हणूनच हैदराबादच्या काचीगुड्याहून राजस्थानला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या जंगलातून धडधडत जायची. लाइन दक्षिण मध्य रेल्वेची, मुख्यालय सिकंदराबादला. त्यामुळे वऱ्हाडातल्या कोरकू गावाच्या ठेसनावर गार्ड तेलुगूत शिव्या द्यायचा, हे मी कानांनी ऐकलं आहे. धारणी तालुक्यात एका गावाचं नावच सरकारदरबारी ‘धूळघाट रेल्वे’ असं आहे. गाडी गेली, नाव राहिलं.

आता वळसा. माझे वडील या लाइनवर गँगमन होते, पुढे चावीवाले झाले. चावीवाला म्हणजे रोज पहाटे आपल्या वाट्याच्या लाइनवर चालत जाऊन सैल चाव्या, म्हणजे रूळ जागेवर घट्ट धरणारे लोखंडी तुकडे, हातोड्यानं ठोकणारा, बोल्ट आवळणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी, गाडी थांबवायला रुळावर ठेवायचे धोक्याचे फटाके आणि भाकरी. घाटात वळणं फार, म्हणून त्यांच्याकडे एक ग्रीसचा डबाही असायचा. तीव्र वळणावर चाकाची कड रुळाच्या आतल्या अंगाला घासते, तिथं हातानं ग्रीस लावायचं. बाबांच्या सगळ्या सदऱ्यांच्या उजव्या बाहीला तो वास होता. आईनं किती सोडा लावला तरी जायचा नाही.

मी चौथीत असताना गुरुजींनी विचारलं, रेल्वे डोंगर कशी चढते? वर्गानं एका सुरात सांगितलं, बोगद्यातून. मी म्हणालो, आमच्या धूळघाटला गाडी गोल फिरते आणि सोताच्याच डोक्यावरून जाते. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, त्यांनी मला उभं केलं. “काय बे, कोनं सांगतलं तुले?” म्हटलं, बाबांनी. “तुया बाप दारू पेते का?”

माझा बाप पीत नव्हता. म्हणूनच ते इतकं लागलं असावं.

संध्याकाळी मी रडत सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. अंगणात ज्वारीच्या कडब्याची गंजी होती, बैल बांधायचा दोर त्यांनी तिच्याभोवती फिरवला. खालून सुरू केला, हळूहळू वर नेत एक वेढा घातला आणि दोराचं वरचं टोक खालच्या दोराच्या वरून काढलं. म्हणाले, बैलगाडी सरळ चढते कारण बैलाचा पाय मातीत रुततो. रेल्वेचं चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा. उभी चढण आली की चाक जागीच गरगर फिरते. मग उंची मिळवायची तर वाट लांबवायची. डोंगराला जागा नसेल तर स्वतःभोवतीच फिरून लांबवायची. जिथं वाट वाटेला ओलांडते तिथं पूल. एवढंच आहे ते. इंजिनिअरिंगच्या पोरांना मी पुढे हे आकृती काढून समजावताना पाहिलं, पण कडब्याच्या गंजीइतकं नीट कोणी समजावलं नाही.

“चाल मंग रविवारी. आपल्या डोळ्यानं पाहू,” बाबा म्हणाले. दादा सातवीत होता, तोही आला. अंधारातच निघालो. बाबा पुढे, चाव्या ठोकत. ठण, ठण. सैल चावीचा आवाज भद्द येतो. वळण लागलं की ते थांबून दाखवायचे, बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच कसा ठेवलाय ते. वाटेत मोहाखाली अस्वलाची विष्ठा दिसली तर हातोडा रुळावर जोरानं आपटून पाच मिनिटं थांबायचं, मग पुढे.

पुलाच्या बाजूला उतारावर बसलो. बाबांनी दोघांनाही बजावलं, “डबे मोजा. मास्तरले पुरावा लागते.”

चढणीची पॅसेंजर आली. वाफेचं इंजिन होतं, धापा टाकत होतं. आमच्या खालून पुलाखाली शिरली. मी मोजले, नऊ. एका खिडकीतून लाल दुपट्टा बाहेर लोंबत होता. गाडी झाडीत गेली. नुसता आवाज उरला, कधी डावीकडून, कधी पाठीमागून. धूर टेकडीच्या मागून वर निघत होता. मला वाटलं गेली, संपलं. आणि मग ती वरून आली. तेच इंजिन, तोच धापांचा आवाज, आणि मधल्या एका डब्याच्या खिडकीत तोच लाल दुपट्टा. गार्डनं बाबांना हात केला. मी परत मोजले, नऊ.

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून वर्गात सांगितलं. खालून नऊ, वरून नऊ, लाल दुपट्टा. गुरुजी म्हणाले, दोन वेगळ्या गाड्या असतील, लाल दुपट्टे काय कमी आहेत? मी म्हटलं, दादाला विचारा. सातवीतून दादाला बोलावलं. दादानं सरळ सांगितलं, “खालून जाताना दहा होते गुरुजी. वरून नऊ.”

आता तुम्हीच सांगा, चालत्या गाडीचा एक डबा घाटात कुठं गळून पडणार? पण गुरुजींना तेवढं पुरलं. मी आठवडाभर बाकावर उभा. आणि दादा, जो त्या दिवशी पुलाशी माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता, तो डबा खात मला खिडकीतून बघायचा.

असो. तुमचा प्रश्न.

ब्रॉडगेज त्याच मार्गानं का नेली नाही? १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, मेळघाट त्यातला एक. लाइनचा जवळपास ४० किलोमीटरचा तुकडा या जंगलातून, त्यात वान अभयारण्यातून जातो. २०१७ च्या सुरुवातीला मीटरगेज बंद झाली. अकोला ते अकोट ४४ किलोमीटर ब्रॉडगेज झाली, २०२२ मध्ये तिच्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. पुढे घोडं अडलं. २०२१ मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून न्या असं सांगितलं. बाहेरून म्हणजे हिवरखेड, सोनाळा, जामोद असं करत खकनारकडून तुकईथडला. लांब पडतो, पण बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यांनी कधी रेल्वे पाहिली नाही त्यांना ती मिळते.

यावरून माझं आणि दादाचं सात वर्षं भांडण चालू आहे. दादा आता अकोटला असतो, निवेदनं देणाऱ्यांत पुढे असतो. त्याचं म्हणणं, “बाबाच्या घामाची लाइन हाय, थेच मोठी करा. वाघापायी मानसानं काहून मरावं?” त्याला जुन्याच मार्गावर ब्रॉडगेज हवी. आणि प्रत्येक वेळी शेवटी तो म्हणतो, बाबा असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं.

नसतं म्हटलं. आणि हे मी पुराव्यानिशी सांगतो, कारण त्या रात्री दादा मामाच्या गावाला होता आणि मी होतो.

पावसाळा होता. रात्रीच्या गाडीखाली अस्वलीण आली. ड्रायव्हरनं ठेसनावर सांगितलं, ठेसनमास्तरांनी बाबांना उठवलं. मी मागे लागलो म्हणून मलाही नेलं. ती रुळाच्या बाजूला पडली होती. बाबांनी आधी हातबत्तीनं रूळ तपासला, चाव्या पाहिल्या, कारण पहिलं काम ते. मग तिच्याजवळ येऊन बसले. घरी जाऊ म्हटलं तर म्हणाले, जंगलवाले येईपर्यंत बसावं लागते, नाहीतर पहाटेपर्यंत कोणी नखं काढून नेते. गोणपाट पांघरून आम्ही बसलो. बराच वेळानं बाबा म्हणाले, “शिटी बी देली म्हने ड्रायव्हरनं. पन तिले गाडीचा टाइम थोडीच माहीत रायते.” आणि थोड्या वेळानं, “आपली गाडी हळू हाय म्हनून वर्साला एखादं. जोरात पयाली असती तं?”

बस. एवढंच बोलले. पण ब्रॉडगेज म्हणजे जोरात पळणारी गाडी, दिवसातून दोन-चार नाही, मालगाड्यांसकट कितीतरी. जुन्या वळणांवर ती बसणारही नाही, वळणं सैल करावी लागतील, डोंगर आणखी फोडावा लागेल, भराव रुंद करावे लागतील. म्हणजे ‘तीच लाइन मोठी’ असं काही नसतंच, नवीन लाइन असते. हे मी दादाला दिवाळीत सांगितलं तर तो म्हणाला, तू अमरावतीत बसून एसटीनं फिरतोस, तुला काय.

यात त्याचं एक खरं आहे आणि ते मी कबूल करतो. धूळघाट-डाबक्याच्या कोरकू बायका सीताफळाच्या टोपल्या घेऊन याच गाडीनं अकोटच्या बाजारात यायच्या. तिकीट परवडायचं, टोपली दाराशी ठेवता यायची, गार्ड काही म्हणायचा नाही. गाडी बंद झाल्यावर त्यांचं काय झालं हे ना वाघवाल्यांनी विचारलं ना निवेदनवाल्यांनी. माझ्या मते लाइन बाहेरूनच न्यावी, पण त्या गावांना रोजची दोन वेळची बस आधी द्यावी, टोपलीसकट घेणारी. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो, बस कोण देणार, तू? तिथं माझं बोलणं खुंटतं.

वळसा पाहण्याबद्दल: रुळावरून चालत जायचा विचार सोडून द्या. व्याघ्रप्रकल्पाची हद्द आहे, परवानगीशिवाय शिरलात तर गुन्हा, आणि अस्वलाला तुमच्या व्हिडिओशी देणंघेणं नाही. वनविभागाला विचारून, ते सांगतील त्या वाटेनं आणि सांगतील त्या काळात जा. नियम बदलत असतात, त्यामुळे माझ्या भरवशावर निघू नका. नुसतं त्या लाइनच्या जवळ जायचं असेल तर अकोला–अकोट गाडीत बसा. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, वळसा तिच्या आत आहे. अकोटला उतरून शहानूरमार्गे नरनाळा किल्ल्यावर जाता येतं. तिथून डोंगराच्या घड्या पाहिल्या की लाइन गोल का फिरवावी लागली ते कळतं.

हो, आणि वाफेच्या इंजिनाचं मी सांगितलं ते माझ्या लहानपणचं. नंतर डिझेल आलं. ज्यांनी डिझेलच्याच काळात प्रवास केला त्यांनी खाली येऊन मला खोटं पाडू नये, त्यासाठी माझ्या घरात एक माणूस आहे.

त्यानं गेल्या वर्षी एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर कबूल केलं की त्या दिवशी खालून गाडी जाताना तो बोरं खात होता आणि त्यानं इंजिनही मोजलं होतं. वरून येताना नाही मोजलं. मी पत्रावळीवरून उठणारच होतो, वहिनीनं हात धरून बसवलं.

नऊच होते, दादा.