चुलत भावावर दुसऱ्याने दावा लावलाय. मी त्याला दिलेले उसने पैसे आता मागता येतील का? (म्हापसा)

हो, येतील, पण त्या दाव्याच्या निकालाची वाट बघत बसू नका. परतीची तारीख ठरली नसेल तर पैसे दिल्यापासून 3 वर्षांत तुम्हाला दावा लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी भावाने ‘इतकं देणं आहे’ असं लिहून सही केली, तर सहीपासून नवी 3 वर्षं मिळतात. कागदावर रक्कम, तारीख आणि बँक ट्रान्स्फरचा नंबर घाला. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून वहिनीचीही सही घ्याच, लोक नेमके इथेच अडकतात. तो घाईघाईने घर विकायला निघाला असेल तर दाव्यासोबतच निकालापूर्वी जप्तीचा अर्ज द्या (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर 38, नियम 5). मात्र घर बँकेकडे गहाण असेल तर त्यातून आधी बँकेचं कर्ज फिटतं.