वसतिगृहात नंबर लागला नाही, तर पुण्यात शिकायला पैसे मिळतात का? (मुलगी धडगावच्या पाड्यावरची, अनुसूचित जमातीची)

हो, मिळतात. आदिवासी विकास विभागाची 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना' नेमकी यासाठीच आहे. बारावीनंतर शिकणाऱ्या, पण सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी. पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये: जेवण 32,000, राहणं 20,000, बाकी 8,000. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्कम कमी, 43,000.

पैसे थेट खात्यात, हप्त्याहप्त्याने येतात. म्हणून आधी आधार बँकेशी जोडून घ्या. आमच्याकडच्या एका पोराचं तेवढंच राहिलं होतं. पहिला हप्ता दिवाळीनंतर आला, तोवर खानावळवाल्या मावशींची उधारी वहीची दोन पानं भरून! जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच पिशवीत टाका. पुण्याहून धडगावला हेलपाटा परवडत नाही.